जाईबाईंच्या पाटीवरची जपानी पऱ्हाटी

जाईबाईंचं अमरावतीतलं दुकान म्हणजे एक कढई, दोन बाकडी आणि आलूबोंड्यावर ओतायला पातेलंभर कढी. नवरा देवराव एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाल्यापासून तिथंच कांदे चिरत बसायचा आणि बायकोचं बोलणं ऐकायचा. लेक पायल नर्स. जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी मिळणार म्हणून अकोल्याला मावशीकडे राहून ती जपानी शिकत होती. बोलणं जमलं, पण कांजी नावाची चित्रांसारखी अक्षरं काही डोक्यात शिरेनात.

एका रविवारी घरी आलेली पायल दुकानातच वही घेऊन मुसमुसायला लागली.

"काहून रडून राहिली वं?" जाईबाईंनी विचारलं.

"हे अक्षर पाय ना आई, 生. एकच हाय, पण वाचाचं किती परकारे! कुठं सेइ, कुठं शो. जगणं म्हणाचं त इकिरू, जन्म घेणं म्हणाचं त उमारेरू."

"मंग त्यात काय? तुह्या बापाले घरात अवजी म्हणतेत, डेपोत वस्ताद, अन् मह्या माहेरी जावईबुवा. माणूस त थोच हाय. संगतीले कोण हाय ते पायाचं, अन् मंग नाव घ्याचं."

पायलचं रडं थांबलं. जाईबाईंनी वही डोळ्यांजवळ धरली. "अवं, हे त जमिनीतून वर आलेली कापसाची पऱ्हाटी हाय!"

"हव! उगवण्यालेबी हेच अक्षर. हाएरू. अन् अजून एक वाचन हाय..."

तेवढ्यात कढी उतू गेली आणि जाईबाई तिकडं धावल्या. ते अजून एक वाचन राहूनच गेलं.

अक्षर मात्र त्यांच्या मनात भरलं. जन्म, जगणं, उगवणं, सगळं एकाच चित्रात! पायल अकोल्याला परतल्यावर त्यांनी शुभम पेंटरला बोलावलं आणि दुकानाच्या पाटीवर हे एकच अक्षर लालभडक, हातभर उंच काढून घेतलं.

"लोक चायनीजचं दुकान समजतीन," देवराव म्हणाला.

तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी कॉलेजची पोरं मंचुरियन मागायला लागली. जाईबाईंनी त्यांना झापलं आणि बोंडेच खायला घातले.

मग जवळच्या बौद्ध विहारात जपानहून तीन पाहुणे आले. विहाराचं काम पाहणारा नागसेन त्यांना मोठ्या हौसेनं दुकानावर घेऊन आला. पाटी बघून तिघांचे चेहरे खुलले आणि बोंडा बघून पडले. एक म्हातारी पाहुणी पुढं झाली, पाटीकडं बोट दाखवत म्हणाली, "नामा?"

"नामा नाई, जाई! जाईबाई नाव हाय मह्यं."

म्हातारीनं बोट बोंड्याकडं नेलं. "नामा?"

"तो आलूबोंडा."

म्हातारीनं बोंडा फोडला, वास घेतला आणि आत असं वाकून पाहिलं की जाईबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मह्या बोंड्यात काय पायते ही? नागसेन, इचार बरं तिले!"

नागसेनला जपानीतलं फक्त 'आरिगातो' येत होतं. ते त्यानं म्हणून पाहिलं. काही फरक पडला नाही. शेवटी पायलला व्हिडिओ कॉल लावला. ती आधी म्हातारीशी बोलली आणि मग पोट धरून हसत सुटली.

"आई, खाण्याच्या दुकानावर ते अक्षर एकटं लावलं त त्याले नामा वाचतेत. नामा म्हंजे कच्चं!"

"म्हंजे म्या कच्चा आलूबोंडा म्हणून पाटी लावली?"

बाकड्यांवरची गिऱ्हाइकं खिदळली. देवरावनं कांद्याच्या निमित्तानं डोळे पुसून घेतले. जाईबाईंनी उकळत्या तेलातून एक बोंडा उचलला, फोडला, वाफ निघताना म्हातारीच्या नाकापुढं धरला आणि वर गरम कढी ओतली. म्हातारीनं घास घेतला, तोंड उघडं टाकून हा-हू केलं, नाचलीसुद्धा थोडी. मग प्लेट पुढं केली.

"पाटी पुसून टाकू," पाहुणे गेल्यावर देवराव म्हणाला.

"पुसाची कायले? एकटं हाय म्हणून कच्चं झालं थे. संगत द्या त्याले."

पायलनं फोनवरूनच संगत सुचवली. 生 च्या आधी 先 लावलं की होतं 'सेनसेइ', म्हणजे शिक्षक. शुभमनं दुसऱ्या दिवशी ते रंगवलं. पाहुणे नागपूरकडं निघताना पुन्हा थांबले, पाटी वाचली आणि तिघंही जाईबाईंपुढं कमरेत वाकले. जाईबाईंनीही झारा हातात धरून वाकून दाखवलं. तेव्हापासून सगळा मोहल्ला "सेनसेइ, दोन प्लेट" असं ओरडतो. "सेनसेइ शिकवतेत काय?" असं कोणी विचारलं, तर देवराव सांगतो, "मले इचारा."

पायल परीक्षा पास झाली आणि जपानला गेली. त्या दिवशी जाईबाईंनी दुकान उघडलं खरं, पण दोन घाणे करपले.

महिनाभरानं तिथून फोन आला. एक आजोबा सकाळपासून तोंडात घास घेत नव्हते. पायलनं फोन त्यांच्यासमोर धरला. जाईबाईंनी पडद्यात डोळे वटारले. "खा ना बावा! पोरगी कवाची हातात वाटी धरून उभी हाय. लाज वाटते का नाई?"

आजोबांना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी निमूटपणे पेजेचा चमचा तोंडात घेतला.

"आता पाणी पी," जाईबाई म्हणाल्या.




आणि आजोबा पाणीही प्याले.