काडावरची घोडी

१२ जानेवारीला सकाळी घोडीपुढं सुक्या गवतात मिसळलेलं गव्हाचं काड टाकत होते. लेक नोकरीला पुण्याला गेली आणि तिची हौस आमच्या अंगणात राहिली. नुसतं खाऊन घोडी इतकी सुटली, की खुरं दुखून लंगडायला लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिरवा चारा बंद करा, नाहीतर ही कायमची अधू होईल.

करमाडच्या रस्त्याला म्हशी असलेले एक गृहस्थ रोज आमच्या फाटकाशी थांबतात. मोटारसायकल बंद न करता, हँडलकडं बघत बोलतात. त्यामुळं त्यांचं निम्मं बोलणं मला ऐकूच येत नाही. त्या दिवशी मात्र काड पाहून त्यांनी गाडी बंद केली.

"ताई, काडावर भागवताय? सायबांची नोकरी हाय ना?"

"आहे की! घोडी जाड झालीय, भाऊ. डॉक्टरांनी सांगितलंय."

"व्हय, व्हय. डॉक्टरच सांगतेत असं." आणि म्हशींसाठी कापलेल्या हिरव्यागार लसूणघासाची एक पेंढी त्यांनी फाटकाच्या आत ठेवली. "दिवस येतेत, जातेत. लाजायचं नाय."

घोडीनं मान लांबवली. त्यांच्या डोळ्यांदेखत मी तिच्या तोंडची पेंढी हिसकावून घेतली. मग वजन, खुरं, पथ्य, सगळं समजावून सांगितलं. जितकं सांगितलं तितका त्यांचा चेहरा कळवळत गेला.

लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नातला चपलाहार आणि पाटल्या घालून मी काड टाकायला गेले.