गुहेतली परीक्षा

काल भाचीने लिनक्सवर एक जुना खेळ लावला. चित्रं नाहीत, नुसती इंग्रजी वाक्यं. हुकूम टाइप करायचा आणि गुहेत पुढे सरकायचं. खेळात ती मेली, हसली, पुन्हा खेळू लागली. मला हसू आलं नाही.

ऐंशीच्या दशकातली खंडेनवमी. साजगावच्या कारखान्यात कॉम्प्युटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर कुंकू, पडद्यावर हाच खेळ. टायपिंग पास झालेली माझी ताई, म्हणजे या भाचीची आई, चपला बाहेर काढून आत आली. तिला ऑपरेटरची नोकरी हवी होती. सोबत मी, तिथलाच कामगार.

"हीच परीक्षा," साहेब म्हणाले. "गुहेतून जिवंत बाहेर ये, नोकरी तुझी."

"बौद्धवाड्यातली आहे, अंधाराची सवय असेल!" दुसरा एक साहेब म्हणाला. पेढे खाता खाता सगळे खिदळले.

ताई मन लावून टाइप करत होती. बोटं कुंकवाने लाल झाली. मग ती गुहेतल्या खड्ड्यात पडली.

"मेलीस! नापास."

"साहेब, ते इचारतंय, परत खेळायचं का?"

साहेबांनी बोट लांबवून 'नाही' दाबलं आणि तिच्या हातावर पेढा ठेवला.

त्या खेळात पहिल्यांदा सगळेच मरतात, हे मला काल कळलं. याला ते साहेब लोक परीक्षा म्हणत होते!

ती जागा साहेबांच्या मेहुण्याला आधीच दिलेली होती. त्या दिवशी बाहेर पडताना गेटवर शिपायाने सांगितलं.

"ताई, परीक्षा नव्हतीच ती. फसवलं तुला," मी म्हणालो.

"आसंल," ताई म्हणाली. "पण खड्ड्यात मीच पडले ना रं?"