झोप लागते का रे, आलोशियस?

गिरीजच्या आलोशियसचा गुडघा बदलला. लेकीचं, नताशाचं, लग्न दोन महिन्यांवर. तिचा हात धरून काठीशिवाय वेदीपर्यंत जायचं, हा त्याचा हट्ट. डॉक्टर म्हणाले, "जमेल. व्यायाम करा आणि भरपूर झोपा. शरीर झोपेतच भरून येतं. सात-आठ तास हवेतच. दुखण्याने रात्री झोपमोड झाली तर दुपारी झोपा."

हे गावात कळलं आणि आलोशियसची झोप उडाली. कारण गिरीजची माणसं भारी मायाळू. एखाद्याला झोपेची गरज आहे म्हटल्यावर ती लागते की नाही, हे जाऊन विचारायला नको?

शेजारचा पीटर दुपारी जेवून यायचा. हातात केळी. केळीच्या वाडीवाल्याला केळी! आलोशियसचा नुकता डोळा लागलेला असायचा. पीटर खांदा हलवायचा, "ए आलोशियस! झोप लागते का रे?"

"लागली होती."

"मग झोप हं! झोपेसारखं औषध नाही." आणि खुर्ची ओढून बसायचा. मागोमाग आळीतली मर्लिन चार बायकांना घेऊन रोझरीला, माळेच्या प्रार्थनेला, हजर. आलोशियस पेंगला की ती दटावायची, "अरे, तुझ्यासाठीच चाललंय ना?" जाताना सगळे आल्बिनाला बजावायचे, "आराम करू दे गं नवऱ्याला. किती सुकलाय!"

गुडघ्याची सूज ओसरेना. व्यायामाला उभं राहावं तर भोवळ. एका सकाळी नताशा काठीला पांढरी रिबन बांधून बघत होती, लग्नात शोभेल म्हणून. ते पाहून आलोशियस भिंतीकडे तोंड करून रडला. एवढा आडदांड माणूस, हुंदके देऊन रडला.

आल्बिनाचं डोकं फिरलं. दुपारी तिने नवऱ्याला निजवलं, बाहेरून दाराला कुलूप ठोकलं आणि लेकीला घेऊन शिंप्याकडे निघून गेली.

पीटर आला. कुलूप! भरदुपारी! म्हणजे आलोशियसला हॉस्पिटलात हलवला, बहुतेक शेवटचाच. फोन करून विचारायची गरजच काय? अख्खी आळी अंगणात जमली आणि तिथेच रोझरी सुरू झाली. आत आलोशियस ढाराढूर. रोझरी अर्ध्यावर येईतो तो लहानपणीही कधी जागा राहिला नव्हता.

आल्बिना परतली तेव्हा मंडळी डोळे पुसत होती. तिने कुलूप काढलं. आतून घोरणं ऐकू आलं. कुणाला लाज वाटली असेल म्हणता? छे! मर्लिन म्हणाली, "बघा, प्रार्थनेचं फळ!"

"हो ना. बाहेरूनच लागू पडते म्हणायची," आल्बिना म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी दाराला कुलूप.

लग्नात आलोशियस नताशाचा हात धरून वेदीपर्यंत गेला. जरा लंगडला, पण काठीशिवाय गेला. चर्चबाहेर पीटर त्याच्या गळ्यात पडला. "बघितलंस? आमच्या प्रार्थनेने चाललास!"

"खरंय रे बाबा," आलोशियस डोळे पुसत म्हणाला. "आता तू आजारी पड. मी कुलूप घेऊन येतो."