प्रणालीचा प्रयोग मी बिघडवला

काल आमच्या विभागात प्रणालीची शोकसभा झाली. "पोरगी कष्टाळू होती, पण प्रयोग काही तिला जमला नाही," असं एक जण बोलून गेले... म्हणून हे लिहिते आहे. प्रयोग तिला जमला होता.

मी कॉलेजची मायक्रोबायोलॉजीची लॅब सांभाळते. प्रणाली एमएस्सीला होती, खापरखेड्याहून यायची. गेल्या महिन्यात डेंग्यूने गेली.

डोळ्यांना न दिसणारे बारीक मणी ती काचपट्टीवर चिकटवायची. मण्यांवर अँटिबॉडीचा लेप. पट्टी पाण्यात बुडवली की ठरावीक जंतू त्या लेपाला चिकटतात... विहिरीचं पाणी गावातच तपासता यावं, एवढाच तिचा ध्यास.

चार महिने खपून तिने बारा पट्ट्या केल्या. चाचणीच्या आदल्या दिवशी त्या मला टेबलावर उघड्या दिसल्या. काच दिसली की निर्जंतुक करायची, ही माझी शिस्त... न विचारता ऑटोक्लेव्हच्या कढत वाफेत टाकल्या आणि परत जागेवर ठेवल्या. उष्णतेने अँटिबॉडी निकामी होते, हे मीच मुलांना शिकवते.

दुसऱ्या दिवशी एकही जंतू अडकला नाही. अहवालात 'अयशस्वी' असा शेरा लागला. माझी चूक मला आठवड्याने उमगली. सांगू, सांगू म्हणत राहिले... आणि ती आजारी पडली.

आज खापरखेड्याला कॉलनीत तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिच्या आईने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"तिले माहीत होतं, मॅडम. पट्ट्यांवर वाफेचे डाग दिसले होते तिले. हसे इथं बसून. म्हणे, आमच्या मॅडम जंतूलेही कढत पाण्यानं आंघोळ घालतीन."

"मग मला विचारलं का नाही तिनं?"

"म्हणे, मॅडमले मान खाली घालायले लावू काय मी?" मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता रडून नका राहू. कागदावर लिहून द्या. तिच्या बापानं तो अहवाल वाचला हाय."

मुलं मला घाबरतात याचा मला अभिमान होता. त्यातली एक मला सांभाळून घेत होती, हे कळायला मला फार उशीर झाला...

प्रणालीच्या आईच्या हाती दिलं ते असं: प्रयोगाची वही एक. पांढरा एप्रन एक, धुतलेला. लॅबमधली चप्पल. चूक माझी होती असं पत्र निघण्याआधी आज सकाळीच विभागप्रमुखांना दिलं होतं, त्याची पोच घेतलेली प्रत. ती त्यांनी उभ्याउभ्याच वाचली, आणि मग आत नवऱ्याला नेऊन दिली.