वर्गात ऐकवलेला आवाज

अमरावतीच्या कोर्टात माझं तोंड कोणी बंद करू शकत नाही, आणि माझी मुलगी शाळेत तोंड उघडत नव्हती. घरी दिवसभर टकळी सुरू. पण पहिलीचं अर्धं वर्ष संपलं तरी बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. बार रूममध्ये थट्टा व्हायची, "वकीलसाहेब, पोरीच्या वाटचं तुमीच बोलून राहिले काय?" मी हसायचो आणि आतून जळायचो.

एक दिवस बाईंनी बोलावून सांगितलं, "हिले बोलताच येत नसंल. वेगळी शाळा पाहा." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पुरावा देतो.

त्या संध्याकाळी ती बाहुल्यांना भाजी विकत होती. "घ्या वांगे, वलगावचे हायेत! हात नका लावू, बाई!" मी दाराआडून सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी थेट वर्गात गेलो, फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पोरं आधी चूप झाली, मग खदखदून हसली. बाई ओशाळल्या. मुलीने मान खाली घालून फ्रॉकचं टोक तोंडात कोंबलं होतं. मला ते दिसलं. तरी मी शेवटपर्यंत ऐकवलं.

महिनाभराने, अमरावतीत ओळखी फार म्हणून, लोकांना कळू नये अशा बेताने आम्ही अकोल्याच्या डॉक्टरबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "हा हट्ट नाही. भीतीनं हिचा गळा बंद होते. असे लेकरं आपल्याले वाटते त्याहून जास्त असतात. शाळेत एखादं तरी सापडतेच, पण ते कोणाले त्रास देत नाहीत, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही." माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपल्याच घरी असं नाही! मी बायकोकडे पाहून चक्क हसलो.

मग डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला. "ही कोणाकोणाशी बोलत नाही, ते सांगा."

"शाळेतल्या बाई," बायको म्हणाली. "वर्गातले पोरं. शेजारचे. माह्या माहेरचे." आणि ती अडखळली. डॉक्टरबाई पेन धरून थांबल्या. मुलगी आईच्या बांगड्यांशी खेळत होती. लाजेनं मला कोणाकडे पाहवेना.

"लिहा," मी म्हणालो, "बाबा. महिना झाला."