पुसलेलं गोंदण

मुरबाडच्या बाजारपेठेत जगदीशचा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज फोटो, बरं चाललं होतं. पण सुखाचा जीव दुःखात घालायचाच म्हटलं, तर कुणी काय करावं? याला इंटरनेटवर फोटो विकायचं खूळ लागलं. परदेशातल्या एका साइटवर फोटो पाठवायचे. त्यांनी पसंत केले तर जगात कुणीही विकत घेणार. याचा मात्र एकही पसंत पडेना.

धसईपलीकडच्या वाडीत लग्नाच्या ऑर्डरला गेला असताना त्याला तिथली म्हातारी धोंडीबाई दिसली, चुलीपुढं बसलेली.

“एक काढू का गो आजी?”

“काढ. पन मला आनून दे रे. माजा फोटोच नाय कुटं.”

त्यानं हो म्हटलं.

घरात उजेड कमी, त्यामुळं फोटोत रव्यासारखे दाणे उतरले. साइटनं फोटो परत केला. शेरा असा की दाणे आहेत, डाग आहेत. जगदीश हट्टाला पेटला. दोन दिवस कॉम्प्युटरपुढं ठाण मांडून त्यानं दाणे घासले, चेहरा मोठा करून एकेक डाग टिपला. त्यात कपाळावरचे नि हनुवटीवरचे गोंदलेले हिरवे ठिपकेही गेले. गोंदण त्याला कळत नव्हतं असं नाही. पण डोळ्यांपुढं तो शेरा होता. वर अक्कल अशी की मूळ फोटोवरच सेव्ह केलं, आणि मेमरी कार्ड पुढच्या लग्नासाठी कोरं केलं. साइटनं तोही परत केला. म्हणे, फोटो फार घासलाय, चेहरा मेणाचा दिसतो.

आजीचा फोटो द्यायचा राहूनच गेला.

दिवाळीच्या सुमारास तिची मुलगी सावळी स्टुडिओत आली. “आय गेली, दादा. परवा दहावा हाय. तिचा फोटो तुज्याकडं हाय म्हनायची.”

जगदीशनं स्क्रीनवर फोटो उघडला. सावळीनं वाकून कपाळ बघितलं, हनुवटी बघितली.

“ही आमची आय नाय.”

कॅमेऱ्यावर ढकलायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या बाईकडं बघून खोटं बोलवेना. “गोंदण मीच पुसलं, ताई. डाग म्हणून.”

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ती एवढंच म्हणाली, “तूच पुसलंस ना? मग तूच परत काढ.”

जगदीशनं माउस हातात घेतला. कपाळावर तीन होते की पाच? हनुवटीवर एकच? दोन दिवस त्या चेहऱ्यात डोळे घालून बसला होता, एकेक ठिपका आपल्या हातानं पुसला होता, आणि आता काही केल्या आठवेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“किती होते, ताई?” त्यानं मान खाली घालूनच विचारलं.

सावळी खुर्चीजवळ आली. तिनं स्क्रीनवर बोट टेकवलं.

“हितं एक,” ती म्हणाली.