दिवेलागणीचा निरोप

२१ नोव्हेंबर. काम होतं गोण्या सोडून माल निवडायचं: बाटल्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या धुवायला. पण निवडायला मालच नव्हता. पासलीहून टेम्पो पुन्हा रिकामा आला होता.

कापूरहोळला, हायवेलगत, आम्हा बायकांची शेड आहे. गावोगावचा सुका कचरा आणायचा, वेगळा करायचा, विकायचा. टेम्पो चालवते ती आमची भाभी. भोरला माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहते. आणि मोबाईलवरचं अ‍ॅप केलं माझ्या लेकीनं. ती बंगळुरूला असते, नोकरीतही हेच करते. हे मात्र तिनं आमच्यासाठी जेवणाच्या सुट्टीत बसून केलं. गाडी कधी येणार ते बायकांना आधी कळावं आणि वाचता येत नसेल तर ऐकू यावं, एवढंच आमचं मागणं होतं. ऐकू येणारा आवाज तिचाच.

या अ‍ॅपपायी ती रोज दुपारी फोन करायची. त्याआधी फोन रविवारी, तोही उभ्या उभ्या. "बरी आहेस ना? काही काम होतं का?" काम नसलं तर काय बोलावं हे मला सुचत नाही आणि तिलाही नाही. आता काम होतं. बटण केवढं हवं, गाडीचं चित्र ओळखू येतं का, चुकून दाबलं तर मागं कसं यायचं. मध्येच ती विचारायची, "आज डब्याला काय केलंस?" पावट्याची आमटी म्हटलं की म्हणायची, "माझ्या वाटची कुठंय?" मग मी पुन्हा बटणावर यायचे.

भोरला, भोंगवलीला गाडी दुपारी जाते. तिथं सगळं सुरळीत चाललं होतं. पासलीला मात्र भल्या सकाळी पोचावं लागतं, कारण मग बायका भातकापणीला जातात. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता निरोप वाजायचा: "उद्या सकाळी गाडी येणार. पिशवी आत्ताच दाराबाहेर ठेवा." तरी दारात एक पिशवी दिसायची नाही. अ‍ॅपचं बाकी सगळं झालं होतं, एवढंच अडलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर, भाभीबरोबर मीच गेले. पहिल्याच घरी एक मावशी अंगणात भात वाळत घालत होत्या.

"मावशी, मोबाईल वाजतो का?"

"वाजतुया की. तुजी लेक बोलती त्यात. आवाज लई ग्वाड हाय."

"मग पिशवी का नाही ठेवत बाहेर?"

"आगं, पर ती बोलती कवा? दिवा लावल्यावं! तिन्हीसांजंला घरातला केर भाईर काढू? लक्षुमी यायची वाटंनं, अन् आमी तिच्या म्होरं पिशवी आपटू व्हय?"

"मग सकाळी ठेवायची."

"तुमी येता तवा आमी गोठ्यात."

भाभी हसत सुटली. "आगं, आमची सासूबी सांजच्या नमाजाला, मगरिबला, झाडू हातात धरू द्यायची न्हाई. हिला ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक कसं नाही? लेक लहान असताना दिवेलागणीला झाडू घेऊन उभी राहिली की मीच तो काढून घ्यायचे. "लक्ष्मीला धूळ चालत नाही का गं?" असं ती विचारायची. पण शेडमध्ये राहून माझ्या लेखी कचरा म्हणजे माल झाला होता. आणि तिकडे तिच्या इमारतीत पिशव्या रात्रीच दाराबाहेर जातात.

परतताना वेल्ह्यात धड रेंज आली आणि नेहमीच्या वेळी तिचा फोन वाजला. हे सांगितलं की काम संपणार, हे मला कळत होतं. भाभी म्हणाली, "घे की गं, किती वाजू देतीस?" घेतला, सांगितलं.

"अगं आई! तू माझ्या हातातून झाडू हिसकावायचीस!"

"हो."

"आणि दोघींच्याही लक्षात आलं नाही." पलीकडे तिची बोटं खटखट चालली. "निरोप दुपारी दोनला लावला. जेवणं उरकलेली असतात ना?"

"असतात."

"मग झालं. संपलं काम. रविवारी बोलू?"

"बोलू."

संध्याकाळी शेड बंद केली. समोरच्या ढाब्यावर बंगळुरूच्या गाड्या थांबतात. मी रोज बघते. खिडक्यांतली माणसं चहा पितात आणि गाडी निघून जाते.

"बगून बगून रंग उडंल गाडीचा," भाभी म्हणाली. "चढ की येकदा."

"काय काम आहे तिकडे?"

"तुला कामाबिगर येऊ न्हाई म्हनलीय का तिनं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी एकटीच पासलीला गेली. मी ढाब्याशेजारच्या बुकिंगच्या टपरीवर जाऊन बंगळुरूच्या गाडीची शुक्रवारची खिडकीजवळची सीट घेतली. तेवढ्यात वेल्ह्यातून भाभीचा फोन आला. "दारोदारी पिशव्या हुत्या! मावशींनी तर काल उन्हातच टांगलीया."

मग शेडवर येऊन मी लेकीला फोन लावला. रविवार नव्हता, दुपारही नव्हती.

"काय अडलं, आई?"

"काही नाही. पिशव्या मिळाल्या. शुक्रवारी मी निघतेय. पावटे आणते."

"इकडे काही काम आहे का?"

"नाही," म्हटलं. तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. कानाला तसाच धरून, दुसऱ्या हातानं भाभी येईपर्यंत रिकाम्या गोण्या झटकत राहिले.